दादाभाई नौरोजी मार्गावरच्या पाट्या आणि एक चुकीचा समज

सध्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : मुंबईच्या फोर्ट भागात हेरिटेजच्या नावाखाली दुकानदाराला स्वतःची पाटी लावायला मनाई आहे, मराठी पाटीच्या सक्तीशी हे नियम उघड भांडतात, पाटी लहान झाली की गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि असला जाच जगात दुसरीकडे कुठेही नाही. संदेशात ज्याचे उदाहरण दिले आहे, तो दादाभाई नौरोजी मार्गच या विधानांना उत्तर देतो.

पहिली गोष्ट मनाईची. मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली लागू झाली. वारसा यादीतल्या इमारतीच्या बाह्यरूपात बदल करायचा तर महापालिका आयुक्तांची परवानगी लागते आणि आयुक्त वारसा जतन समितीचा सल्ला घेतात. परवानगी लागणे म्हणजे मनाई नव्हे. या मार्गासाठी संवर्धन वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी जो आराखडा केला, त्यात पाट्या काढून टाका असे म्हटलेले नाही. पाटी कमानीच्या पोकळीत बसवा, खांब आणि कोरीवकाम झाकू नका, एवढेच त्याचे सांगणे आहे. तो पटल्यावर इथल्या अनेक दुकानदारांनी अवाढव्य फलक आपणहून उतरवले आणि पुढे रस्त्याच्या देखभालीसाठी स्वतःची संघटनाही उभी केली.

धंदा बसतो, हा आक्षेप मात्र नीट तपासायला हवा, कारण त्यामागे पोटाची काळजी आहे. हा रस्ता हॉर्नबी रोड म्हणून ओळखला जात होता, तेव्हा १८९६च्या नियमाने इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवणे बंधनकारक केले. एप्रिलच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात माणसे आजही त्याच वाटेने चालतात. कमानींच्या वर, पहिल्या मजल्याच्या कठड्यावर ठोकलेला वीस फुटी चकचकीत फलक या चालणाऱ्याला दिसतच नाही, कारण तो त्याच्या डोक्यावरच्या छताच्या पलीकडे असतो. त्याला दिसते ती दाराच्या वर, नजरेच्या टप्प्यात असलेली पाटी. म्हणजे गिऱ्हाईक ज्या वाटेने येते, तिथेच नियम पाटी लावायला सांगतो.

मोठ्या फलकाचा खर्च पुढे इमारतीलाही सोसावा लागतो. त्याचे वजन पेलायला लोखंडी अँगल लागतात आणि अँगलसाठी दगडात भोके पाडावी लागतात. मालाडच्या पिवळसर किंवा पोरबंदरच्या दगडातल्या अशा भोकात दोनतीन पावसाळे पाणी मुरले की बोल्ट गंजून फुगतो, दगडाला चीर जाते आणि एक दिवस कोरलेल्या पानाफुलांचा टवका फुटपाथवर पडतो. फलकाच्या मागची चीर वेळेवर कोणाच्या लक्षातही येत नाही.

मराठी पाटीचे म्हणावे तर तो वाद मुळातच नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही मराठी पाटीच्या सक्तीखाली आली आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, ही त्यातली अट आहे. ही तुलना एकाच पाटीवरच्या दोन लिपींची आहे. पाटी लहान केली तर इंग्रजी अक्षरे लहान करावीत. मराठीला हात लावण्याचे कारण नाही. मराठीच्या अभिमानाला वारशाविरुद्ध उभे करणे मला अतिशय क्लेशदायक वाटते.

राहिले जगाचे. जपानच्या क्योतो शहराने २००७ साली गच्चीवरचे आणि उघडझाप करणारे फलक शहरभर बंद केले आणि जुने उतरवायला सात वर्षे दिली. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या गेट्राइडगास या गल्लीत मॅकडोनाल्ड्सनेसुद्धा लोखंडी नक्षीची टांगती पाटी लावली आहे.

संदेशामागची एक तक्रार मात्र खरी आहे. पाटीची लांबी किती, दिवा कुठे, खिळा दगडात ठोकायचा की सांध्यात, हे दुकानदाराला आकृतीसह आणि मराठीत मिळायला हवे, परवानगीला ठरावीक मुदत हवी आणि नाक्यावरच्या बड्या ब्रँडला तेच माप लागले पाहिजे. ही मागणी घेऊन दुकानदार महापालिकेकडे जाणार असतील, तर आपण त्यांच्या सोबत उभे राहिले पाहिजे.