ऐपतीची गोष्ट काढलीच आहे तर : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण डोकं तापलेलं होतं म्हणून सकाळी लिहायला बसलो. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आर्माफ कंपनीच्या क्लब दे न्युई इन्टेन्स मॅन या सेंटबद्दल मी लिहिलं होतं, की क्रीड या महागड्या कंपनीच्या अ‍ॅव्हेंटससारखा वास अडीच-तीन हजारात मिळून जाते. त्यावर भाऊ म्हणतात ही दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी आहे, स्वस्त केमिकलनं चामडी खराब होते, बारा तास टिकते हे खोटं आहे, अन् सगळ्यात शेवटी, "ऐपत नाही तर हौस कायले? खेड्यात कोण हुंगून राहिलं तुम्हाले?"

आधी तुमचं बरोबर आहे ते. बारा तास मी शर्टवरचं लिहिलं होतं, तसं स्पष्ट लिहायला पाहिजे होतं. अंगावर, तेही आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना, पाच-सहा तासाच्या वर जात नाही. उडणारी वस्तूच आहे ती, जितकं ऊन तितकी लवकर उडते. चूक माझी, दुरुस्त केली.

पण ते शेवटचं वाक्य. लोकं माझ्या चुका काढतात, काढाव्याच, कोणी आजवर माझ्या खिशात हात घातला नव्हता. मी माझ्या नावानं लिहितो, तुम्ही नाव-गाव न टाकता लिहिता अन् वरून ऐपत विचारता, ही बोलायची कोणती पद्धत झाली?

खेड्यात कोण हुंगते ते सांगतो. आमची कोरडवाहू कपाशी. यवतमाळले कॉलेजात होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी पाठीवर पंप घेऊन फवारा मीच मारायचो, कारण बाबाच्या छातीत भरून यायचं. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्याच सालची गोष्ट आहे. दोनदा साबण लावला, लिंबू घासलं, तरी औषधाचा वास हातातून जायचा नाही. सोमवारी एसटीत बसलो तर बाजूचे काका एकदा माझ्याकडे पाहून उठले अन् मागं जाऊन उभे राहिले, सीट रिकामी सोडून. तुम्ही म्हणता कोण हुंगते, तर असे हुंगते भाऊ. त्या दिवशी कॉलेजात मी शेवटच्या बाकावर बसलो, अन् पुढं कित्येक महिने तिथंच बसलो.

मग जत्रेतून दहा रुपयाची अत्तराची शिशी आणली, आई म्हणे, "लेका, एवढं कायले लावतं?" ती कशाला लावतो हे मी तिला कधी सांगितलं नाही. आज स्वतः कमावतो, तीन हजाराची बाटली वर्षभर पुरवतो, अन् मामेभावाच्या साक्षगंधात कोणी जवळ येऊन विचारते ना, "काय लावलं रे?", त्याची किंमत मला माहीत आहे. तुम्हाला हौस दिसली. मला ती रिकामी सीट दिसते. अ‍ॅव्हेंटसचे पंचवीस-तीस हजार होतात, तेवढ्यात आमच्याकडे कपाशीचं बियाणं अन् खत दोन्ही निघते. मी ते घेणार नाही, घेऊ शकलो तरी घेणार नाही.

अन् मी न हुंगताच लिहितो असंही समजू नका. नागपूरले मित्राकडे ओरिजनल होतं. एका मनगटावर ते, दुसऱ्यावर हे, अन् दिवसभर फिरलो. सुरुवातीला फरक आहेच, अ‍ॅव्हेंटसचा अननस गोड अन् रसाळ वाटते, आपल्या आर्माफचं लिंबू नाकाले टोचते, संत्र्याची साल नाकाशी पिळल्यावर झोंबते तसं. अर्ध्या तासानं मात्र दोन्हीकडे तोच धुरकट लाकडाचा वास, मित्राले डोळे मिटून विचारलं तर सांगता आलं नाही.

चोरीचं म्हणाल तर अ‍ॅव्हेंटस २०१० चं, हे २०१५ चं, पण बाटलीवर नाव आर्माफचंच आहे. चोरी म्हणजे क्रीडचं नाव छापून नऊशेत विकतात ती, तशी एक मी फसून घेतली होती अन् मानेवर पुरळ आलं होतं. बाकी वासावर कोणाचा कॉपीराइट असतो का, यावर २००६ सालीच फ्रान्सच्या कोर्टानं नाही म्हटलं अन् नेदरलँडच्या कोर्टानं हो, तिथं मी अन् तुम्ही काय निकाल लावणार. केमिकल तर महागाच्या बाटलीतही असते, १८८२ च्या फूजेर रोयाल या जुन्या नामी सेंटमध्येसुद्धा कुमारीन हे कृत्रिम केमिकल होतं. नाजूक चामडी असेल तर आधी कोपराच्या आत एक थेंब लावून दोन-तीन दिवस पाहा, संपली गोष्ट.

पुढच्या वेळी वासाबद्दल लिहा, दहा चुका काढा, प्रत्येकीला उत्तर देईन. ऐपतीबद्दल लिहाल तर कमेंट उडवून टाकीन, मग वाईट वाटून घेऊ नका.