शिशाचा धोका काढणारं अनुदान आणि ‘देखरेख कशाला?’ हा दावा

अमेरिकेतल्या जुन्या घरांमधून शिशाचा धोका काढण्यासाठी तिथलं केंद्र सरकार अनुदान देतं. त्याविषयीचा एक दावा तिथल्या मराठी मंडळींमध्येही पुढे पाठवला जातो. तो थोडक्यात असा: शिशाच्या रंगावर 1978 मध्येच बंदी आली. आता उरलंय ते एवढंच, की जुने पोपडे खरवडायचे आणि नव्या रंगाचा हात मारायचा. सगळा पैसा मात्र तपासण्या, अहवाल आणि प्रयोगशाळांमध्ये जिरतो, तेव्हा देखरेख बंद करा आणि रक्कम थेट घरमालकाला किंवा कॉन्ट्रॅक्टरला द्या. हे सगळं पटण्यासारखं वाटतं, म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं.

‘बंदी आली, प्रश्न संपला.’ बंदी आली ती नव्या रंगाच्या विक्रीवर. भिंतींवर, दारांवर, खिडक्यांच्या चौकटींवर आधी बसलेला रंग जागचा हलला नाही. गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याने, म्हणजे ‘हड’ने, 2018-19 मध्ये देशभर पाहणी केली. तिच्या अंदाजानुसार साधारण साडेतीन कोटी घरांत शिशाचा रंग आहे आणि त्यातल्या सव्वादोन कोटींच्या आसपास घरांत तो धोकादायक अवस्थेत आहे. न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्या किंवा भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे. 1978 पूर्वीच्या घरासाठी करार करताना शिशाबद्दलचा जो कागद पुढे येतो, तो न वाचता सही करू नका. (आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत 90 भागांची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली. तेव्हा इथल्या जुन्या भिंतीही निर्धोक धरता येत नाहीत.)

‘खरवडा आणि रंगवा, दोन दिवसांचं काम.’ हा या दाव्यातला सर्वांत घातक भाग. मुलं रंगाचे तुकडे खाऊन आजारी पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेकदा विष पोटात जातं ते धुळीतून. खिडकी वरखाली सरकताना रंग घासला जातो, बारीक धूळ जमिनीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि तिथून तोंडात जाते. कोरडं घासणं आणि आगीच्या झोताने रंग जाळणं यांतून हीच धूळ प्रचंड प्रमाणात तयार होते. बाल्टिमोरमध्ये मार्क फारफेल आणि ज्युलियन चिझम यांनी जुन्या पद्धतीने ‘शिसं काढलेल्या’ घरांचा अभ्यास करून 1990 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काम संपताच जमिनीवरच्या धुळीतलं शिसं कित्येक पटींनी वाढलेलं होतं, आणि सहा महिन्यांनंतरही ते कामाआधीइतकं किंवा त्याहून जास्त होतं. म्हणजे मालकाने पैसे मोजले, भिंती चकचकीत झाल्या आणि घर मुलांसाठी आणखी वाईट झालं.

देखरेखीची गरज इथूनच सुरू होते. इतर दुरुस्तीत काम वाईट झालं तर ते दिसतं: नळ गळतो, फरशी हलते. शिशाच्या कामात ते डोळ्यांना दिसत नाही. अनुदानातून झालेल्या कामांसाठी जमिनीवरच्या धुळीतल्या शिशाची मर्यादा 2017 मध्ये चौरस फुटाला 10 मायक्रोग्रॅम (एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम) इतकी खाली आणली गेली. हिशोब करून पाहा: एक ग्रॅम शिसं धूळ होऊन पसरलं तर एक लाख चौरस फूट जमीन त्या मर्यादेला पोचते. इतकं कमी प्रमाण नुसत्या नजरेने ओळखणं कुणालाच शक्य नाही, प्रामाणिक कॉन्ट्रॅक्टरलाही नाही. शिसं काढण्याचं काम झालं की शेवटच्या सफाईनंतर किमान एक तास थांबायचं, हवेतली धूळ खाली बसू द्यायची, मग जमीन आणि खिडक्या पुसून धुळीचे नमुने घ्यायचे आणि ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. नमुने घेणारा माणूस काम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा नसावा, हाही नियम आहे. दावा करणारे ज्याला ‘वरचा खर्च’ म्हणतात तो हाच. तो काढून टाकला तर उरतो नुसता रंगकामाचा खर्च.

‘पैसा कार्यालयातच मुरतो.’ प्रशासकीय खर्चाला कायद्यातच 10 टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे.

‘थेट मालकाला द्या.’ 1992 च्या कायद्याप्रमाणे हा पैसा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे. मालक स्वतः राहतो अशा घरांपैकी किमान 90 टक्के घरांत सहा वर्षांखालचं मूल राहत असावं किंवा बराच वेळ घालवत असावं. भाड्याचं घर असेल तर काम झाल्यावर किमान तीन वर्षं लहान मुलं असलेल्या कुटुंबांना प्राधान्य द्यावं लागतं. सरकारी पैशाने नव्या खिडक्या बसवून घेतल्या आणि पुढच्याच महिन्यात जास्त भाडं देणारा, मुलं नसलेला भाडेकरू आणला, तर ज्याच्यासाठी अनुदान दिलं ते मूल दुसऱ्या जुन्या घरातली धूळ खात राहणार. ही तीन वर्षं कुणीतरी पाहायलाच हवीत, आणि ते काम मालकावर सोडून चालणार नाही.

देखरेख निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सरकारच्या हिशोब-तपासणी कार्यालयाने 2018 मध्ये अहवाल देऊन हडला सांगितलं, की अनुदानाची प्रक्रिया, नियमपालनावरचं लक्ष आणि परिणामांचं मोजमाप हे सगळं घट्ट करा. न्यू यॉर्कच्या सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरणाचं प्रकरण तर याहून गंभीर. काही वर्षं शिशाच्या तपासण्या न करताच ‘नियम पाळले’ असं हडला लिहून दिलं जात होतं. ते उघड झाल्यावर 2019 मध्ये तिथे स्वतंत्र निरीक्षक नेमावा लागला. फक्त कागदावर विसंबून राहिल्यामुळे हे इतका काळ चाललं. अशी उदाहरणं दाखवून कागदही नको, तपासणीही नको, असं म्हणणाऱ्यांनी त्या इमारतींमध्ये वाढलेल्या मुलांच्या आईबापांना हे समोर उभं राहून सांगावं.

आणि चोख देखरेखीखाली झालेलं काम टिकतं. हडच्या पहिल्या अनुदानांपैकी 14 ठिकाणच्या घरांचा मागोवा घेतला गेला, आणि त्यातल्या काही ठिकाणी सहा वर्षांनंतर पुन्हा तपासलं, तेव्हाही धुळीतलं शिसं कामाआधीपेक्षा कमी आढळलं.

तुमच्या किंवा ओळखीच्यांच्या घरी असं काम निघालं असेल, तर काम चालू असताना मुलांना दुसरीकडे ठेवा आणि धुळीच्या नमुन्यांचा प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडेपर्यंत त्यांना परत आणू नका. कॉन्ट्रॅक्टर ‘सगळं स्वच्छ आहे’ म्हणाला तरी अहवाल मागा. तो मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.