अख्खा आरएनए कवचप्रथिन का बनवत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकी मुद्देसूद प्रतिक्रिया क्वचित येते, म्हणून सविस्तर लिहिते. आपला आक्षेप असा: तंबाखूच्या झाडांना रोग करणाऱ्या तंबाखू मोझॅक विषाणूचं प्रथिनाचं कवच त्याच्या आरएनएच्या (आनुवंशिक माहिती असलेल्या रेणूच्या) हुकमानेच बनतं, असं मी लिहिलं; पण विषाणूतून काढलेला अख्खा आरएनए परीक्षानळीत रायबोसोमना (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांना) दिला तर कवचप्रथिन मिळत नाही. मग दावा टिकतो कसा?

आपलं निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

हुकूम कोणाचा, हे १९५७ साली बर्कलीच्या फ्रेंकेल-कोनराट आणि सिंगर यांनी दाखवलं. त्यांनी एका स्ट्रेनचा (विषाणूच्या उपप्रकाराचा) आरएनए दुसऱ्या स्ट्रेनच्या कवचात बसवला. रिबग्रास स्ट्रेनच्या कवचात हिस्टिडीन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) असतात; नेहमीच्या स्ट्रेनच्या कवचात दोन्ही नसतात. रिबग्रासचा आरएनए नेहमीच्या कवचात घालून तंबाखूच्या पानांवर चोळला, तर पुढच्या पिढीच्या कवचात ही दोन्ही आम्लं हजर! याहून स्वच्छ पुरावा मला तरी ठाऊक नाही.

आता परीक्षानळीचं. या आरएनएत सुमारे ६,४०० अक्षरं (साखळीतले रासायनिक घटक) आहेत आणि कवचाचा जनुक पार शेपटाकडे आहे. वनस्पतीचा रायबोसोम सुरुवातीच्या टोकाला बसतो, आरएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम बनवतो आणि थांब्याचा संकेत आला की सुटतो. शेपटापर्यंत तो पोचतच नाही. पानात मात्र हेच एन्झाइम आधी पूरक धागा तयार करतं आणि त्याच्यावरून सुमारे ७०० अक्षरांचा आखूड आरएनए काढतं. त्यात कवचाचा जनुक सुरुवातीलाच येतो. कवचप्रथिन बनतं ते या आखूड आरएनएवरून. १९७६ साली ते सिद्ध झालं. (१९६२ साली ई. कोलाय या जिवाणूच्या अर्कात अख्ख्या आरएनएपासून हे प्रथिन मिळाल्याचं जाहीर झालं होतं, पण तो निष्कर्ष टिकला नाही.) मला ही व्यवस्था विलक्षण वाटते: एका विषाणूकणाला कवचप्रथिनाचे तब्बल २,१३० रेणू लागतात, एन्झाइम मात्र थोडकंच पुरतं. वेगळा आखूड आरएनए असल्यामुळे कवचाचं उत्पादन हवं तेवढं वाढवता येतं.

'मग खरा कर्ता पानच नाही का?' हा आपला शेवटचा प्रश्न. रायबोसोम, अमिनो आम्लं, ऊर्जा, सगळं पानाचंच. पण जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये आणि बर्कलीत फक्त आरएनएवर नायट्रस आम्लाची प्रक्रिया केली (त्याने आरएनएची अक्षरं बदलतात), पानाला हातही लावला नाही. तरी कवचप्रथिनाच्या १५८ आम्लांच्या साखळीत कुठे प्रोलिनच्या जागी ल्युसिन आलं, तर कुठे थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन. म्हणजे हुकूम आरएनएचाच.