"अमेरिकेत १७७६ पासून सगळे समान" म्हणे!

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय. अमेरिकेत १७७६ पासून सगळे समान, १८७० ला काळ्यांना मत मिळालं, विषय संपला, आणि आपले लोक तिथे एकही मोर्चा न काढता निव्वळ मेरिटवर वर गेले. खाली तीन झेंडे. पाठवणारे आमचे काका, म्हणून नीट उत्तर देतोय.

काका, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान' लिहिणाऱ्या जेफरसनकडेच आयुष्यभरात सहाशेच्या वर गुलाम होते. बायकांना देशभर मत द्यायला १९२० उजाडलं. १७७६ चं एवढंच.

१८७० चं मात्र नीट बघा. वंशावरून मत नाकारायचं नाही ही घटनादुरुस्ती झाली, खरंय. पण दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यात १८९६ ला मतदार यादीत १ लाख ३० हजार काळे मतदार होते आणि १९०४ ला उरले १,३४२. माणसं कुठे गेली नव्हती हो, तिथेच होती! १८९८ ला राज्याने नियम केला की मत हवं तर लिहिता-वाचता यायला हवं नाहीतर मालमत्ता दाखवा, मग अडाणी गोऱ्यांचं काय, तर त्यांच्यासाठी पळवाट, बाप किंवा आजोबा १ जानेवारी १८६७ ला मतदार असला तर सगळं माफ. आता त्या तारखेला लुइझियानात काळ्यांना मतच नव्हतं. 'काळा' हा शब्दसुद्धा न लिहिता काम फत्ते, डोकं बघा काय लावलंय. पुढे कोर्टाने ही पळवाट रद्द केली तरी बाकीचे अडथळे होतेच, ते हटायला १९६५ यावं लागलं. मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलाजवळ पोलिसांनी काळ्यांच्या मतासाठीचा मोर्चा झोडपला, मोर्चाच्या पुढे असलेल्या जॉन लुइसची कवटी फ्रॅक्चर झाली, मग ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा. त्याच्याही नख्या २०१३ ला सुप्रीम कोर्टाने काढल्या.

आता आपलं मेरिट. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, तरी १९२३ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं तू गोरा नाहीस, नागरिकत्व नाही. १९४६ ला दार किलकिलं झालं, भारतातून तिथे स्थायिक व्हायला वर्षाला १०० माणसांचा कोटा! तो कोटा काढणारा कायदा झाला ऑक्टोबर १९६५ मध्ये, सेल्मानंतर सात महिन्यांनी, त्याच नागरी हक्क चळवळीच्या रेट्यात. मोर्चा आपण नाही काढला हे बरोबर, दुसऱ्यांनी काढला आणि आपला दादा न्यू जर्सीला गेला.