२१ दिवसांच्या नियमाविषयी
नवी सवय २१ दिवसांत अंगवळणी पडते आणि त्यासाठी रोज पहाटेची ठरावीक वेळ पाळावी, हे सवयींवरील एका लेखात दिलेले दोन्ही सल्ले मला अपुरे वाटतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय स्थिरावण्याचा अंदाजित काळ १८ ते २५४ दिवस इतका कमीजास्त निघाला, मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा होता, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही दिसले (हे तरी लेखात यायलाच हवे होते). वेळेबद्दल म्हणायचे, तर आमच्या हर्णै बंदरात ज्यांचा दिवस भरती-ओहोटीवर बेतलेला असतो, त्यांना पहाटे पाचचा नेम कसा जमावा? भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी मांडलेली ‘अमुक झाले, की तमुक करीन’ ही योजना येथे अधिक उपयोगी, कारण तिला घड्याळ लागत नाही: होडी नांगरून घरी आलो, हातपाय धुतले, की गुडघ्यांचे व्यायाम करायचे. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद झाली, की मात्र होडी नांगरून घरी येण्याची ही खूणच नाहीशी होते. तेवढ्या काळासाठी दुसरी खूण आधीच ठरवून ठेवावी लागेल.