धनी खाई तण

शेतीत ‘तण खाई धन’ अशी एक म्हण आहे. तणाने पिकाच्या वाट्याचे खतपाणी ओढून घेतले की शेवटी घरातले धनच त्याच्या घशात जाते, असा तिचा अर्थ. गेल्या वसंतात आमच्या अंगणात या म्हणीतील शब्दांची थोडी अदलाबदल झाली आणि धनीच तण खाऊ लागला. तो धनी म्हणजे मी, आणि ते तण म्हणजे डँडेलायन.

या वनस्पतीशी माझे वैर जुने आहे. तिची पिवळीधमक फुले हिरवळीवर प्रथम उमलली तेव्हा ती मला सुंदर वाटली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. मात्र थोड्याच दिवसांत फुलांच्या जागी पांढरे गोळे आले, मुलीने त्यातला एक तोडून त्यावर जोरात फुंकर मारली आणि ‘बाबा, म्हाताऱ्या!’ असे ओरडत ती त्या तरंगणाऱ्या बियांच्या मागे धावली; पुढच्या वर्षीची पेरणी अशी आमच्याच घरातून झाली. प्रत्येक बीच्या डोक्यावर जो केसांचा झुपका असतो, त्याच्या वरच्या बाजूला हवेचा एक सुटा, कड्यासारखा भोवरा तयार होतो आणि त्याच्या आधाराने बी सावकाश खाली येते, असे २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील एका शोधनिबंधात दाखवले गेले आहे. संशोधकांना त्याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे, कारण ते विमान त्यांच्या अंगणात उतरत नाही. त्यातून बऱ्याच डँडेलायनांना बी धरण्यासाठी परागीभवनाचीही गरज भासत नाही. संपूर्ण वंशविस्ताराची जबाबदारी ते एकट्याने, कुणाचीही वाट न पाहता पार पाडतात.

मी खुरपे घेऊन बसे. डँडेलायनचे मूळ गाजरासारखे सरळ खाली जाते, आणि आपण ते संपूर्ण उपटले अशी आपली खात्री पटते त्याच क्षणी जमिनीत कुठेतरी ‘कट्’ असा बारीक आवाज होतो. आत राहिलेल्या त्या तुकड्यातून नवे रोप फुटते, कधीकधी एकाऐवजी दोन. थोडक्यात, दोन वर्षे मी ज्याला खुरपणी समजत होतो ती वास्तविक लागवड होती.

अशा पराभूत मनःस्थितीत मला कळले की हे तण खाता येते. पाने, फुले आणि मूळ या सर्वांचा उपयोग होतो. मूळ भाजून, दळून त्याचे कॉफीसारखे पेय करतात. शंभर ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे १८७ मिलिग्रॅम कॅल्शियम, ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ‘के’ जीवनसत्त्व तर रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असते, हा तक्ता मी जेवणाच्या टेबलावर सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. ज्याला मारता येत नाही त्याला गिळावे, ही कल्पना मला तेव्हा फार पराक्रमी वाटत होती.

“अहो, मग दोन वर्षं टोपल्या भरभरून फेकत होतात ते काय होतं?” पत्नीने विचारले.

“अज्ञान,” मी नम्रपणे म्हणालो.

“आणि आता फुकट ते पौष्टिक.”

सासरेबुवा मात्र तक्ता ऐकताना अचानक सावध झाले. ते रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिनची गोळी घेतात, आणि ‘के’ जीवनसत्त्वाने ओतप्रोत भरलेली पालेभाजी आहारात एकदम वाढली तर त्या गोळीचा परिणाम कमी होतो. एरवी गोळीची वेळ झाली की ज्यांना घरभर शोधावे लागते, त्यांनी त्या दिवशी डॉक्टरांच्या सूचनांचा कागद स्वतः उठून आणला, संबंधित ओळीवर बोट ठेवले आणि अत्यंत दुःखी चेहऱ्याने माझ्या भाजीतून माघार घेतली.

आता प्रश्न होता ओळख पटवण्याचा. दोन वर्षे ज्याच्याशी लढलो त्याला मी ओळखत असणारच, असा माझा समज होता. पण उपटताना जी वनस्पती शंभर पावलांवरून ओळखता येते, तीच तोंडात घालायची वेळ आली की हातात भिंग असूनही शंका येते. पानांना करवतीसारखे दाते हवेत. त्यांच्यावरूनच या झाडाला फ्रेंच भाषेत ‘सिंहाचा दात’ म्हणत आणि इंग्रजी नाव त्याच्यापासून आले. पाने सगळी जमिनीलगत चक्रासारखी पसरलेली हवीत. फुलाचा दांडा पोकळ, बिनपानांचा, बिनफांद्यांचा असून त्यावर एकच फूल हवे, आणि तो मोडला की पांढरा चीक यायला हवा. याचा एक तोतया भाऊ आहे, त्याची पाने खरखरीत केसाळ असतात आणि दांड्याला फांद्या फुटतात. तो काही विषारी नाही, परंतु शत्रूऐवजी भलत्यालाच खाण्यात मला रस नव्हता. म्हणून मी हिरवळीवर पालथा पडून एकेका पानाच्या अंगावरून बोट फिरवू लागलो.

“काय हो, काही हरवलं का?” कुंपणापलीकडून शेजाऱ्यांचा आवाज आला. त्यांची हिरवळ गालिच्यासारखी आहे, आणि आमच्या म्हाताऱ्या वाऱ्याबरोबर कोणत्या दिशेला जातात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

“नाही, जरा तण बघतोय.”

“काढा, काढा,” ते समाधानाने म्हणाले.

ओळख पटल्यावर जागेचा प्रश्न उभा राहिला. तणनाशक फवारलेल्या जागेतील पाने खायची नाहीत, असा पहिला नियम आहे, आणि फाटकाजवळच्या पट्ट्यावर मीच एका संतप्त सकाळी ते फवारले होते. नेमके किती दूरपर्यंत, ते संतापामुळे आठवेना. रस्त्याच्या कडेचीही पाने नकोत, कारण तेथे गाड्यांचा धूर आणि धूळ बसते. डाव्या कोपऱ्यात एक कुत्रा रोज सकाळी, अगदी वक्तशीरपणे, येऊन जातो. असे एकेक क्षेत्र वगळत गेल्यावर, ज्या अंगणात मला डँडेलायनखेरीज काही दिसत नसे, त्यात खाण्याजोगे डँडेलायन केवळ कपडे वाळत घालण्याच्या दोरीखाली उरले. तेथे मी तासभर उकिडवा बसून पाने खुडली, डोक्यावर ओल्या चादरीचे पाणी ठिबकत असताना.

बादली काठोकाठ भरली. चिकाने बोटे तपकिरी झाली आणि तो डाग साबणाला दाद देईना. पाने जमिनीलगत असल्यामुळे त्यांच्या प्रत्येक दात्यात माती होती. पहिल्या पाण्याचा चिखल झाला, दुसऱ्यात एक गोगलगाय आली, तिसऱ्यात तिचे पिल्लू, आणि चौथ्या पाण्यानंतर मी मोजणे आणि पाहणे दोन्ही थांबवले. मग तेलात लसूण परतून ती पाने त्यावर घातली, झाकण ठेवले, आणि काही मिनिटांनी झाकण काढले तेव्हा कढईच्या तळाशी माझ्या तळहातावर मावेल एवढा एक हिरवा गोळा होता. कढईत कुणी चोरी केल्याचा भास मला आयुष्यात प्रथमच झाला.

चवीबद्दल लिहायचे, तर पहिला क्षण बरा होता, कारण तो लसणाचा होता. त्यानंतर जो कडवटपणा आला तो जिभेवर थांबला नाही. तो टाळूवर गेला, घशात उतरला, कानाच्या पाळ्यांपर्यंत पोहोचला आणि तेथे मुक्कामाला राहिला. मुलीने घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे असे पाहिले, की जन्मदात्यावरचा विश्वास उडताना चेहरा कसा दिसतो ते मला कळले. पत्नीने शांतपणे लिंबू पिळले, मीठ घातले, आणखी लिंबू पिळले. पण कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, आणि हे तर कारल्याचेही गुरू निघाले.

चूक माझी होती. पाने फुले येण्यापूर्वी, अगदी कोवळी असताना खुडायची असतात. एकदा झाड फुलले की कडवटपणा वाढत जातो. मी तर फुलांच्या पिवळ्या खुणा पाहूनच पाने शोधली होती. दुसऱ्या दिवशी मी पाने उकळली, ते पाणी ओतून दिले आणि पुन्हा उकळली. कडवटपणा बराच कमी झाला. मात्र क जीवनसत्त्वही पाण्यात उतरते, त्यामुळे माझ्या तक्त्यातला बराचसा भाग त्या पाण्याबरोबर मोरीतून निघून गेला. कढईत जे उरले त्याला चव नव्हती, आकार नव्हता आणि आता आकडेवारीचाही आधार नव्हता.

जेवण झाल्यावर मला आणखी एक माहिती मिळाली. या झाडाचे फ्रेंचमधील सध्याचे नाव शब्दशः ‘अंथरूण ओले करणारा’ असे आहे, कारण ही पाने मूत्रल असल्याची जुनी समजूत आहे. ती कितपत खरी आहे हे मी सांगू शकत नाही, कारण झोपण्यापूर्वी हे वाचून ठेवल्यामुळे मी धास्तीनेच चार वेळा उठलो.

तरीही मी माघार घेतली नाही. झाडावर आठवडा-दहा दिवस काहीतरी पालथे झाकून ठेवले की उजेडाअभावी नवी पाने फिकट, कोवळी आणि पुष्कळ कमी कडू येतात. मी दोरीखालची तीन जोमदार रोपे निवडली, त्यांची जुनी पाने काढून टाकली आणि त्यांच्यावर घरातील तिन्ही बादल्या पालथ्या घालून वर विटा ठेवल्या. नऊ दिवस घरातली फरशी पातेल्यातल्या पाण्याने पुसली गेली. पुसणारा मीच होतो, कारण तशी अट होती.

दहाव्या दिवशी बादल्या उचलल्या. खाली पिवळट, नाजूक, जवळजवळ पारदर्शक पाने होती. तेल, लिंबू आणि मीठ लावून ती तशीच कच्ची वाढली. कडवटपणा होता, पण तो आता बोलण्याच्या पट्टीत आला होता, ओरडत नव्हता. मुलीने एक पान खाल्ले, दुसरे खाल्ले आणि विचारले, “बाबा, अजून आहे?”

नव्हते. एकूण चौदा पाने निघाली होती.

संध्याकाळी मी बादल्या पुन्हा जागेवर ठेवत असताना शेजारी कुंपणाशी आले. त्यांच्या हातात फवारणीचा पंप होता.

“तुमच्याकडे दोरीखाली तीन मोठी राहिलीत, मागे बघितली होती मी,” ते म्हणाले. “औषध उरलंय थोडं. मारून देऊ का?”

मी एका बादलीवर बसलो, दुसरीवर हात ठेवला आणि तिसरीवर पाय.

“नको,” मी म्हणालो, “ती माझी मी बघतो.”