ट्विकेनहॅमला बसून रग्बी कशी चालवावी

अभिनंदन! देशाची रग्बी तुमच्या हाती आली. गोंधळू नका, ट्विकेनहॅमला मुख्यालय असलेल्या इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियननं कित्ता घालून ठेवलाय. तुम्ही फक्त गिरवा.

श्रीगणेशा टॅकलपासून, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्यापासून. डोक्याला मार बसतो ही काळजी खरी आहे, त्यामुळे हेतूवर कुणी बोट ठेवणार नाही. 19 जानेवारी 2023 ला झाला तसा ठराव एकमतानं उरका: हौशी रग्बीत कमरेच्या वर टॅकल बंद. खेळणाऱ्यांना मागाहून कळेलच. रकमधून (जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या रेटारेटीतून) चेंडू उचलून गोल लाइनकडे घुसणारा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, इतका वाकलेला असतो की समोरच्याला त्याचं डोकं आणि खांदे तेवढे दिसतात, कमर असते त्यांच्या मागे. तिथवर पोचायचं कसं? वर धरलं तर पेनल्टी, खाली सूर मारला तर डोकं गुडघ्यावर. दोघांनी मिळून धरायचं म्हटलं, तर दोन्ही डोकी एकाच उंचीवर. असल्या शंका काढणारे हजारोंनी सह्या गोळा करतील. आठ दिवसांनी माफी मागा आणि पुढे यथावकाश रेषा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत सरकवा. ही वीतभर उंची आधी चार प्रशिक्षकांना विचारूनही मिळाली असती म्हणा, पण मग माफीपत्राचा मान गेला असता.

आता खुर्च्या मोजा. 2022 मध्ये ईलिंग क्लबनं चॅम्पियनशिप, म्हणजे दुसऱ्या दर्जाची लीग, जिंकली, पण सर्वोच्च लीगमध्ये, प्रीमियरशिपमध्ये, यायला मैदानाची क्षमता 10,001 हवी होती, त्यांची निम्मीच. (वरचा एक कशाला, असं विचारू नये. नियमाला वजन त्यानंच येतं.) त्याआधी, फेब्रुवारी 2020 मध्ये, याच चॅम्पियनशिपच्या क्लबांचं अनुदान प्रत्येकी सुमारे 5,34,000 पौंडांवरून 2,88,000 वर आणलेलं असावं. शिडी काढून घ्यायची आणि मग गच्चीवर का येत नाही म्हणून रागवायचं. 2022 च्याच शरद ऋतूत वूस्टर आणि वॉस्प्स हे प्रीमियरशिपचे क्लब दिवाळखोरीत गेले, पुढच्या जूनमध्ये लंडन आयरिश. तेरा संघांची प्रीमियरशिप दहावर आली. वॉस्प्सच्या मैदानात तीस हजारांवर खुर्च्या होत्या बरं का.

हिशेबाच्या दिवशी मात्र चेहरा सरळ ठेवा. 2023-24 चा कामकाजातला (ऑपरेटिंग) तोटा 3 कोटी 79 लाख पौंड, नोकरकपात 42 जणांची, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मिळकत 11 लाख, पैकी 3,58,000 बोनस. तोटा वर्ल्ड कपच्या वर्षाचा, अपेक्षितच, असं म्हणा. अध्यक्ष राजीनामा देतील, क्लब मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांवर अविश्वास ठराव आणतील. मार्च 2025 मध्ये तो फेटाळला गेला, तेव्हा काळजी फक्त सभेच्या हॉलच्या भाड्याची करा.

आणि क्लब बुडतात म्हणून हळहळू नका. कोलकात्याचा क्लब मोडकळीला आला तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि 1878 मध्ये युनियनला चषक घडवून दिला. इंग्लंड-स्कॉटलंड अजून त्याच्यासाठी भांडतात. नागाच्या आकाराच्या मुठी आहेत त्याला, झाकणावर हत्ती.